मामांची वारी आणि प्रेस नंबर चार: डाय बदलाच्या नोंदी

३ जून २०२४, सोमवार

कामाचं कागदोपत्री नाव 'डाय बदलाचा वेळ कमी करणे, प्रेस क्र. ४ (२५० टन)'. खरं कारण वेगळं. आमचे सेटर, म्हणजे प्रेसवर डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) चढवून जुळवणारे मामा, दरवर्षी माउलींच्या पालखीबरोबर चालत पंढरपूरला जातात. यंदा आळंदीहून प्रस्थान २९ जूनला, आषाढी १७ जुलैला. तेवढे दिवस प्रेस चारवर जो कोणी डाय चढवेल तो अंदाजाने चढवणार, आणि संध्याकाळी डिस्पॅचवाले माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहणार. भोसरीत आल्यापासून मी हेच बघतेय.

सकाळच्या मीटिंगमध्ये प्लांट हेडसाहेबांनी विचारलं, यंदा मामांची रजा पुढे ढकलता येईल का. मी म्हटलं, रजा हक्काची आहे, कायद्याने अर्ज पंधरा दिवस आधी द्यायचा असतो, यांचा मे महिन्यातच आलाय. त्यापेक्षा मामांना जे येतं ते पालखीच्या आत कागदावर आणू. बोलले आणि ते मिनिट्समध्ये गेलंसुद्धा. आता करणं भाग.

दुसरी एक गोष्ट अधिकृत रिपोर्टमध्ये जाणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवते. शिफ्ट सुपरवायझरच्या जागेसाठी मामांचं नाव याआधीही निघालं आणि मागे पडलं. कारण दर वेळी एकच: "यांना प्रेसवरून हलवलं तर सेटिंग कोण करणार?" म्हणजे काम उत्तम येतं आणि ते दुसऱ्या कुणालाच येत नाही, या दोन गोष्टी मिळून माणूस आहे तिथेच राहिला. मामांना वाटतं आपण इंग्रजीत कमी पडतो. मला तसं वाटत नाही.

५ जून, बुधवार

मोजायला सुरुवात. पहिला वाद व्याख्येवर. प्रॉडक्शनच्या मते डाय बदल म्हणजे जुनी डाय सोडण्यापासून नवी आवळेपर्यंत. क्वालिटीच्या ताईंनी ते तिथल्या तिथे खोडलं: "मला पीस दाखवल्याशिवाय तुमचं काम संपत नाही." बरोबरच आहे त्यांचं. ठरलं: जुन्या डायच्या शेवटच्या ओके पीसपासून नव्या डायच्या पहिल्या ओके पीसपर्यंत.

नव्या व्याख्येने आजचा बदल ७० मिनिटांच्या वर गेला. याच कामाचा सिस्टिममधला आकडा ४० आहे. कुणी खोटं लिहिलेलं नाही. घड्याळ कधी सुरू करायचं आणि कधी थांबवायचं हेच कुणी ठरवलेलं नव्हतं.

मोबाइलवर शूटिंग करायला मामांची हरकत नव्हती, पण प्रेसवरच्या बाकीच्या पोरांची होती. "मॅडम, हे वर दाखवणार का?" त्यांना म्हटलं, चेहरा नको, हात दिसले की पुरे, आणि व्हिडिओ सगळ्यात आधी तुम्हीच बघणार. ते पाळायचं.

७ जून, शुक्रवार

काल गुरुवारची सुट्टी. आज जेवणाच्या वेळेत सगळ्यांनी मिळून व्हिडिओ पाहिला. हसू कमी, शांतता जास्त. प्रेस उभी आहे आणि माणूस रॅकवर डाय शोधतोय. प्रेस उभी, फोर्कलिफ्ट दुसऱ्या शेडमध्ये. प्रेस उभी, १९-२४ चा पाना सापडत नाही. प्रेस उभी, पीस क्वालिटीच्या टेबलावर, आणि ताई इनकमिंगला (आलेला माल तपासायला) गेलेल्या. मामांचे हात प्रत्यक्ष डायवर होते तो वेळ निम्म्याहूनही कमी.

डाय झटपट बदलायच्या पद्धतीचा पाया घालणारे शिगेओ शिंगो यांनी १९५० साली हिरोशिमात, तोयो कोग्योच्या (आजची माझदा) कारखान्यात नेमकं हेच पाहिलं होतं. प्रेस थांबलेली आणि कामगार बोल्ट शोधत फिरतोय. तिथून त्यांनी कामाचे दोन भाग पाडले: मशीन थांबवूनच करावं लागणारं आणि मशीन चालू असताना उरकता येणारं. १९६९ मध्ये टोयोटात हजार टनी प्रेसचा चार तासांचा बदल आधी दीड तासावर आणला, आणि पुढे तीन मिनिटांवर. हे सांगितल्यावर एक पोरगा म्हणाला, "त्यांच्याकडे पैसा असेल." असेल. पण पाना आधी काढून ठेवायला पैसा लागत नाही, हे मामाच बोलले. मी बोलले असते तर ते भाषण झालं असतं.

१० जून, सोमवार

आता अवघड भाग. पाना, फोर्कलिफ्ट, ट्रॉली हे कुणीही सुधारेल. मामांच्या डोक्यातलं कसं काढायचं?

नुसतं "सेटिंग कसं करता ते सांगा" म्हटलं तर ते सांगतात, "बघून करायचं." त्यात लपवाछपवी नसते. वीस-पंचवीस वर्षं हात चालवलेल्या माणसाला आपण काय बघतो हे वेगळं दिसतच नाही. म्हणून प्रश्न मशीनसमोरच, हात थांबला की लगेच विचारायचा. आज रॅम (प्रेसचा वरखाली होणारा भाग) खाली आणताना मामा मध्येच थांबले. का थांबलात? "आवाज जड आला." मग त्यांनी सोल्डरच्या तारेचे तुकडे डायच्या चार कोपऱ्यांत ठेवले, रॅम हळूच खाली आणला, चेपलेली तार मायक्रोमीटरने मोजली. एका कोपऱ्यात फरक निघाला. पॅरललखाली (डायखालच्या आधाराच्या पट्टीखाली) धातूची बारीक चिप अडकलेली होती.

नोंदीसाठी कागद (आमच्या भाषेत शीट) साधा, तीन रकान्यांचा: पायरी, खूण, कारण. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत नव्या कामगारांना झटपट शिकवण्यासाठी टीडब्ल्यूआय नावाचा कार्यक्रम निघाला, या कोष्टकाचं मूळ त्यात; युद्धानंतर ते जपानी कारखान्यांत गेलं आणि टिकलं. पहिला रकाना कुणीही भरतो. दुसरा मामा भरतात. तिसऱ्यावर दोघांचा घाम निघतो. 'डाय ठेवण्याआधी बोल्स्टर (डाय बसते तो प्रेसचा पाट) पुसणे' ही पायरी आमच्या भिंतीवरच्या जुन्या तक्त्यातही आहे. 'एक चिप राहिली तरी शट हाइट (रॅम पूर्ण खाली असतानाची उंची) खोटी लागते आणि टनेज (प्रेसचा दाब) एका कोपऱ्यावर येतं' हे कारण तिथे नाही. कारण माहीत नसलं की घाईच्या दिवशी पहिल्यांदा गळते ती हीच पायरी.

सुरक्षेचा मुद्दा सगळ्यात वर, लाल रंगात: रॅमखाली हात घालण्याआधी सेफ्टी ब्लॉक (रॅम खाली येऊ नये म्हणून लावायचा ठोकळा). यावर चर्चा नाही.

१४ जून, शुक्रवार

आपल्याकडे अॅप्रेंटिस म्हणून असलेल्या आयटीआयच्या पोराकडे एक वही निघाली. दोनशे पानी, कव्हरवर शाळेचं वेळापत्रक. आत प्रत्येक डायचं पेन्सिलने काढलेलं चित्र, कुशन पिन (पत्र्याला खालून दाब देणाऱ्या पिना) कुठे बसतात ते गोल, बाजूला तारीख आणि त्या दिवशी काय बिनसलं ते. "मामा बोलतात ते रात्री विसरायला होतं म्हणून लिहितो." कुणी सांगितलेलं नाही.

माझ्या तीन रकान्यांच्या कागदाला अजून जे जमलं नाही त्यातलं बरंच त्या वहीत आहे. एका डायला 'मार्चमध्ये ग्राइंड झाली, उंची कमी' अशी ओळ सापडली. हे टूल रूमच्या रेकॉर्डमध्ये असायला हवं. तिथे नाही. वहीत आहे.

या पोराबद्दल माझं मत झालं आहे आणि ते बदलणार नाही: याला कुठेही टाका, वर येईल. हुशारी बऱ्याच पोरांकडे असते. आज घडलेलं आजच, तारखेसकट लिहून ठेवणारा विरळा. अप्रेझलच्या वेळी "वर्षभर काय केलं?" या प्रश्नाला भले भले इंजिनिअर छताकडे बघतात.

(वहीची झेरॉक्स काढताना त्याला विचारून काढली. शीटच्या खाली त्याचं नाव घालायचं.)

१८ जून, मंगळवार

ट्रॉली तयार. मेंटेनन्सच्या दादांनी भंगारातल्या अँगलची केली, पान्यांच्या आकाराच्या खाचांसकट, म्हणजे रिकामी खाच लांबूनच दिसते. क्लॅम्पिंगचे बोल्ट एकाच लांबीचे केले. आधी तीन लांब्यांचे होते आणि लांब बोल्टवर नट उगाच फिरवत बसावं लागायचं. डाय पकडून ठेवतो तो शेवटचा आवळा. आधीचे फेरे नुसता वेळ खातात. ज्या डाय वारंवार लागतात त्यांच्या पायांखाली पट्ट्या देऊन क्लॅम्पिंगची उंची एकसारखी करायचं काम टूल रूमकडे दिलं. मागे टेकायला स्टॉपर बसवले, त्यामुळे डाय आत सरकवून डोळ्याने मध्यावर आणणं बंद. कुशन पिनच्या जागांना रंग, प्रत्येक डायला वेगळा.

क्वालिटीच्या ताईंनी स्वतःहून सुचवलं: शेवटचा ट्रे भरत आला की दिवा लावा, मी गेज घेऊन प्रेसपाशीच येते. एवढ्या एका गोष्टीने पहिल्या पीसच्या मंजुरीची वाट बघणं जवळपास संपलं. सूचना कुणाची हे शीटवर लिहिलं. 'ग्रुपने केलं' असं लिहायची आमच्याकडे पद्धत आहे, आणि मग पुढच्या वेळी ग्रुप काही सुचवत नाही.

टोयोटाने कामगारांकडून सूचना मागवायची योजना १९५१ मध्ये सुरू केली. आपल्याकडे क्वालिटी सर्कल (कामगारांनीच गट करून कामातल्या अडचणी सोडवणं) १९८० च्या सुमारास, हैदराबादजवळच्या भेलच्या कारखान्यातून आलं. आमच्या गेटपाशीही सूचना पेटी आहे. तिची किल्ली कुणाकडे आहे ते शोधते आहे.

२२ जून, शनिवार

साहेबांना आठवड्याची चिठ्ठी दिली. एकच पान. वर आकडा, खाली तीन ओळी: काय झालं, कुठे अडलं, तुमच्याकडून काय हवं. या वेळी 'हवं' मध्ये: दुसऱ्या शिफ्टच्या सेटरला चार दिवस पहिल्या शिफ्टमध्ये द्या.

अडलेलं लपवून शेवटी एकदम उघड करणारे प्रोजेक्ट मी बरेच पाहिले. साहेबाला वाईट बातमीपेक्षा उशिरा आलेल्या वाईट बातमीचा राग जास्त येतो. आणि 'हवं' ची ओळ नसेल तर तो कागद फक्त वाचला जातो. आज वाचून त्यांनी तिथेच शिफ्ट इनचार्जला फोन लावला.

२५ जून, मंगळवार

आज मामांनी हात लावायचा नाही असं ठरलं. दुसऱ्या शिफ्टचा सेटर कागद वाचून डाय चढवणार, मामा खुर्चीवर. प्रत्यक्षात खुर्ची रिकामीच. मामा तीनदा उठले, तिसऱ्यांदा पाना हातात घेतलाच.

बाहेर चहाला नेलं. म्हटलं, मामा, तुम्ही करून दिलंत तर ते तुमचं काम झालं. त्याने केलं आणि चुकला तर आपला कागद कुठे कच्चा आहे ते कळेल. टीडब्ल्यूआयमध्ये एक वाक्य होतं, कामगार शिकला नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलेलं नाही. मामा म्हणाले, "म्हणजे परीक्षा माझीच की."

मग थोड्या वेळाने दुसरं बोलले. "मॅडम, सगळं त्याला आलं तर मला कोण विचारणार?"

हा प्रश्न मी टाळणार नव्हते. शॉपमध्ये ही भीती खरी आहे, आणि काही ठिकाणी ती खरी ठरलेलीही आहे: शिकवून घेतात आणि म्हाताऱ्याला बाजूला करतात. मी एवढंच सांगितलं की सुपरवायझरच्या फाइलवर तुमच्या नावापुढे जी हरकत लिहिली आहे ती मी वाचली आहे, आणि ती पुसायचा दुसरा रस्ता मला दिसत नाही. शब्द मी देऊ शकत नाही, कागद देऊ शकते. मामांनी कप ठेवला आणि आत जाऊन खुर्चीवर बसले. या खेपेला बसून राहिले.

आजचा बदल: कागदावर, मामांच्या हाताशिवाय, ३८ मिनिटं.

२८ जून, शुक्रवार

मामांचा शेवटचा दिवस. वारंवार लागणाऱ्या डायची शीटं पूर्ण, प्रत्येकावर तीन सह्या. मोठ्या डीप ड्रॉ (पत्रा खोल ओढून आकार देणाऱ्या) डायची राहिली. पोरांनी राजगिऱ्याचे लाडू आणि रेनकोट दिला.

२ जुलै, मंगळवार

पालखी आज पुण्याहून सासवडला, म्हणजे दिवे घाट. आणि आजच डीप ड्रॉची ऑर्डर. पहिल्या पाच पिसांना कोपऱ्यात सुरकुत्या, पुढच्याला तडा. दुसऱ्या शिफ्टच्या सेटरने मामांना फोन लावला. घाटात लाखभर माणसांत फोन कसला लागतोय.

मग सेटरने जे केलं ते पाहण्यासारखं होतं. अॅप्रेंटिसची वही उघडली. या डायच्या पानावर लिहिलेलं: 'सुरकुती आली तर कुशनचा दाब वाढवणे, फाटलं तर कमी करणे, दोन्ही आलं तर आधी तेल आणि ब्लँकचा बर बघणे.' ब्लँक म्हणजे डायमध्ये घालायचा कापलेला पत्र्याचा तुकडा, बर म्हणजे त्याच्या कडेला राहिलेली खरबरीत धार. बर पाहिला. ब्लँकिंगच्या (ब्लँक कापणाऱ्या) डायची धार गेलेली, ब्लँकच्या कडेला हाताला लागेल एवढा बर. डाय धारेला पाठवली, आधीच्या लॉटचे चांगले ब्लँक घेऊन काम सुरू. वेळ गेला, पण ऑर्डर रात्री गेली.

रात्री साडेआठला सासवडहून मामांचा उलटा फोन. सेटरने सगळं सांगितलं. पलीकडून एवढंच, "मग मला कशाला फोन केलास?" सेटर दिवसभर पहिल्यांदा हसला.

शीटमध्ये भर: 'प्रेसला हात लावण्याआधी ब्लँक बघा.'

१० जुलै, बुधवार

कँटीनमध्ये चर्चा, कुणीतरी भोसरीतल्या इंग्लिश स्पीकिंगच्या क्लासची जाहिरात आणलेली. तिघे जण नाव घालणार. घालोत, वाईट काही नाही, ड्रॉइंग आणि कस्टमरची मेल वाचायला इंग्रजी लागतंच. पण आमच्या मीटिंगमध्ये ज्याचं ऐकलं जातं तो बहुतेक वेळा "चार नंबरला काल ५० मिनिटं गेली, त्यातली ३० कॉइलसाठी" असं मराठीतच सांगतो. आकडा आणि कारण एका दमात. मोठमोठे शब्द वापरणाऱ्याला साहेब मध्येच तोडतात.

त्यापेक्षा मी आयटीआयवाल्यांना सांगते की डिप्लोमाचा विचार करा; दोन वर्षांचा ट्रेड पास असेल तर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. दोघांना हे माहीतच नव्हतं.

२० जुलै, शनिवार

मामा परत. रापलेले, बारीक झालेले, खूश. बुक्क्याचा टिळा आणि सगळ्यांना प्रसाद.

सुपरवायझरच्या जागेची नोटीस लागली आहे. मामांना तयारी म्हणून काय सांगावं याचा विचार करत होते. सेटिंगचे प्रश्न कुणी विचारणार नाही, ते त्यांना येतं हे सगळ्यांना माहीत आहे. विचारतील ते त्यांनी कधी न केलेल्या कामाचं. म्हणून आठवडाभर रोज जेवणानंतर अर्धा तास: प्रेस तासाला किती खाते, रिजेक्शनचा एक टक्का म्हणजे महिन्याला किती पत्रा, हजेरी कमी असेल तर कोणती लाइन आधी भरायची. पुढच्या जागेचं काम त्या जागेवर बसण्याआधी थोडं तरी करून बघायला हवं. मामांनी पहिल्याच दिवशी उलट प्रश्न टाकला, "पत्र्याचा भाव आम्हाला कधी सांगता का?" नाही सांगत. सांगायला हवा. आजपासून बोर्डावर.

२६ जुलै, शुक्रवार

काल पुण्यात पावसाने दैना केली, खडकवासल्याचं पाणी सोडलेलं, सिंहगड रोडला घरांत पाणी शिरलं. आज हजेरी निम्मी. मामा हजर, दुसरा सेटर अडकलेला. आणि मामांना साहेबांनी आज शिफ्ट सांभाळायला सांगितलं, म्हणजे प्रेस चारवर सेटर कुणीच नाही.

ऑपरेटर आणि अॅप्रेंटिसने मिळून शीट समोर ठेवून डाय चढवली. ४५ मिनिटं. मामा दोनदा लांबून बघून गेले, जवळ आले नाहीत.

५ ऑगस्ट, सोमवार

मामांची सुपरवायझर म्हणून नेमणूक, सहा महिने प्रोबेशन. इंटरव्ह्यूत विचारलं म्हणे, तुमच्या जागी कोण? मामांनी दोन नावं आणि शीटची फाइल पुढे केली.

अॅप्रेंटिसचं मात्र जमलेलं नाही. त्याची मुदत सप्टेंबरात संपते आणि कायम जागा नाही. कंत्राटावर घेऊ म्हणतात. वही, वागणूक, शिकण्याची धडपड, सगळं असून जागा नसेल तर तो काय करणार? सवयी माणसाच्या हातात, जागा किती काढायच्या हे वरच्यांच्या हातात, आणि या दोन गोष्टींची गल्लत करून पोरांना उपदेश करणाऱ्यांचा मला राग येतो. त्याच्यासाठी दोन कामं केली. एक, स्किल मॅट्रिक्सवर (कुणाला कोणतं काम येतं त्याच्या तक्त्यावर) त्याचे गोल भरून त्यावर मामांची सही घेतली. दोन, त्याने कोणत्या डायवर काय केलं याचं एक पानी पत्र, तारखांसह, माझ्या सहीने. चाकणला त्याने दोन ठिकाणी अर्ज टाकलेत. डिप्लोमाचा फॉर्मही भरलाय.

उरलेलं: डीप ड्रॉच्या दोन शीटांची दुसरी तपासणी, टूल रूमकडून पट्ट्यांची शेवटची खेप, ब्लँकिंग डायच्या धारेचं रजिस्टर (किती स्ट्रोकनंतर, हे मामा आणि टूल रूम मिळून ठरवतील). प्रेस पाचवर असंच काम करायचं का, यावर शुक्रवारी मीटिंग. ती मामा घेणार आहेत.